लॉक धरून मेमरी मागताना: लिनक्स कर्नलमधले डेडलॉक

मांडवीकाठ

नमस्कार मंडळी,

वेर्ण्याला एका छोट्या कंपनीत एम्बेडेड लिनक्सचं काम करतो. आमचा एक बोर्ड कुटबण जेटीजवळच्या मासळीच्या शीतगृहात बसवलेला आहे. तापमानाचे सेन्सर, कॅमेरे, आणि सगळी नोंद एसडी कार्डावर. मासेमारीबंदीच्या काळात तो निमूट चालतो. १ ऑगस्टला ट्रॉलर बाहेर पडतात, माल यायला लागतो, दारांची उघडझाप वाढते, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग वाढतं. यंदा नेमक्या त्याच दिवसांत बोर्ड हँग व्हायला लागला. पिंगला उत्तर देतो, पण लॉगिन होत नाही आणि तापमानाची नोंद थांबते. वीज काढून पुन्हा दिल्याशिवाय गत्यंतर नाही. शीतगृहाची रात्रभराची नोंद नसणं म्हणजे काय, हे मासळीच्या धंद्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

सिरियल केबल लावून ठेवली, तेव्हा कन्सोलवर 'टास्क १२० सेकंदांहून जास्त वेळ ब्लॉक' अशा ओळी दिसल्या. सिसआरक्यूचा (कर्नलला थेट आज्ञा द्यायची सोय) 'डब्ल्यू' दिला आणि अडकलेल्या सगळ्या टास्कचे स्टॅक हाती आले. त्यातला मुख्य, ज्या क्रमाने कॉल झाले त्या क्रमाने:

कॅमेरा ड्रायव्हरचा आयऑक्टल (प्रोग्रामने ड्रायव्हरला दिलेली आज्ञा)
→ बफरच्या यादीचा म्युटेक्स (एका वेळी एकाच टास्कला मिळणारा लॉक) घेतला
→ केमॅलॉक (कर्नलमध्ये मेमरी मागणं), फ्लॅग जीएफपी_कर्नल (लागलं तर थांबून मेमरी मोकळी कर)
→ मेमरीची मोकळी पानं (ठरावीक आकाराचे तुकडे) कमी, म्हणून डायरेक्ट रिक्लेम (मागणाऱ्यानेच आधी मेमरी मोकळी करणं)
→ श्रिंक_स्लॅब (सगळ्या श्रिंकरांना बोलावणारं फंक्शन)
→ त्याच ड्रायव्हरचा श्रिंकर (कॅश कमी करून मेमरी परत देणारं फंक्शन)
→ तोच म्युटेक्स. इथे झोपला.

लिनक्समधला म्युटेक्स एकाच टास्कला दोनदा मिळत नाही. म्हणजे हा टास्क स्वतःचीच वाट बघत बसला, हाच डेडलॉक. इथवर कोणालाही कळेल. पण एका कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरपायी अख्खा बोर्ड का बसला, ते बाकीचे स्टॅक वाचल्यावर उलगडलं. ज्याला ज्याला मेमरी कमी पडली तो रिक्लेममध्ये शिरला, सगळ्या श्रिंकरांना हाक मारत गेला आणि याच म्युटेक्सवर येऊन थांबला. मागे राहून मेमरी मोकळी करणारा कर्नलचा थ्रेड, केस्वॉपडी, तोसुद्धा तिथेच. मेमरी मोकळी करणारं कोणी उरलंच नाही.

ड्रायव्हर पुरवणाऱ्यांचं उत्तर आलं, 'रॅम वाढवा.' ते मला मुळीच पटलेलं नाही. रॅम वाढवली तर तेच अमुक दिवसांऐवजी तमुक दिवसांनी होईल. मोकळी पानं 'लो' वॉटरमार्कच्या (कर्नलने ठरवलेल्या पातळीच्या) वर असली की मागणी सरळ पुरी होते, रिक्लेमचा रस्ता उघडतच नाही. म्हणून तर टेबलावरच्या चाचणीत हे कधी दिसलं नाही.

माझं म्हणणं एवढंच: कर्नलमध्ये जीएफपी_कर्नलने मेमरी मागणं हेही एक लॉक घेणंच आहे. कोडमध्ये ते लॉक दिसत नाही, त्याला नाव नाही, पण त्याच्या मागे फाइलसिस्टम, ब्लॉक लेयर आणि नोंदवलेला प्रत्येक श्रिंकर उभा असतो. लॉक धरलेलं असताना मेमरी मागायची झाली, तर एक प्रश्न आधी विचारायला हवा: हे लॉक रिक्लेमच्या वाटेवर कोणी घेतं का? तुमच्यापैकी कोणी या वाटेने गेलं असेल तर सविस्तर लिहा.

फर्मागुडीचा_मास्तर

धागा उत्तम. वर्गात ऑपरेटिंग सिस्टीम शिकवताना कॉफमन, एल्फिक आणि शोशानी यांनी १९७१ साली मांडलेल्या चार अटी सांगतो: एका वेळी एकालाच साधन, एक धरून दुसऱ्याची वाट पाहणं, हिसकावून न घेता येणं, आणि वाट पाहणाऱ्यांचं वर्तुळ. चारही जुळल्या तरच डेडलॉक. त्यानंतर पुस्तकात बँकर्स अल्गोरिदम (कोणाला पुढे किती लागेल ते आधी मोजून साधनं वाटायची पद्धत) येतो, परीक्षेत त्यावर हमखास गणित येतं, आणि मुलांना वाटतं की कर्नल असंच काहीतरी गणित करत असेल.

तसं कर्नलमध्ये कोणी करत नाही. कोणाला पुढे काय लागणार हे आधी माहीत नसतं आणि प्रत्येक लॉकपाशी हिशोब मांडणं परवडतही नाही. लॉक मध्येच हिसकावता येत नाही, कारण आतला डेटा अर्धवट बदललेला असतो. त्यामुळे हातात दोनच उपाय उरतात. वर्तुळ होऊ द्यायचं नाही, म्हणजे सगळ्यांनी लॉक एकाच क्रमाने घ्यायचे. किंवा धरून थांबायचं नाही, म्हणजे ट्रायलॉक करायचा आणि मिळाला नाही तर पुढे जायचं.

मेमरी व्यवस्थापनाचा लॉकक्रम कर्नलच्या सोर्समध्येच लिहून ठेवलेला आहे. एमएम फोल्डरमधली आरमॅप फाइल उघडा, सुरुवातीलाच टिप्पणी आहे: आधी आयनोडचा (फाइलच्या नोंदीचा) लॉक, मग एमएमॅप_लॉक (प्रोसेसच्या मेमरीच्या नकाशाचा), त्यानंतर फोलिओ म्हणजे पानाचा लॉक, मग आय_एमएमॅपचा, अ‍ॅनॉन_व्हीएमएचा, आणि त्याच्याही आत पेजटेबलचा. मी ती पाटी फळ्यावर जशीच्या तशी लिहून देतो.

डिचोलीचा_विद्यार्थी

सर, ताई, दादा, शंका कच्ची असेल तर सांभाळून घ्या. रिक्लेममध्ये शिरल्यामुळेच सगळं होतंय, तर लॉक धरलेला असताना सरळ जीएफपी_अ‍ॅटॉमिक का वापरू नये? ते रिक्लेममध्ये जातच नाही ना?

आबोली

मूळची म्हापशाची, सध्या बंगळुरूला स्टोरेजवर काम करते. हा प्रश्न रोजच्या पोटापाण्याचा आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

विद्यार्थीमित्रा, अ‍ॅटॉमिक खरोखरच रिक्लेममध्ये जात नाही. पण ते राखीव साठ्यातून घेतं. तो साठा इंटरप्टसाठी, नेटवर्क पॅकेटसाठी, जिथे झोपताच येत नाही अशा जागांसाठी ठेवलेला असतो. म्युटेक्स धरलेला कोड झोपू शकतो, त्याने तिथे हात घालणं रास्त नाही. शिवाय अ‍ॅटॉमिक मागणी नापास व्हायची शक्यता खरीखुरी असते. ऐन दबावात शीतगृहाच्या बोर्डावर प्रत्येक बफर नापास झाला तर डेडलॉक जाईल, पण रेकॉर्डिंगही जाईल.

मधल्या पायऱ्या आहेत. जीएफपी_नोआयओ म्हणजे रिक्लेम कर, पण नवीन आयओ (डिस्कवरचं वाचन-लेखन) सुरू करू नकोस. जीएफपी_नोएफएस म्हणजे आयओ चालेल, पण फाइलसिस्टमच्या कोडमध्ये पुन्हा शिरू नकोस. फाइलसिस्टम ट्रान्झॅक्शन उघडून बसली आहे, तिने मेमरी मागितली, रिक्लेमने एखादा आयनोड बाहेर काढायला घेतला, त्यासाठी पुन्हा त्याच फाइलसिस्टमचं ट्रान्झॅक्शन हवं झालं, की संपलं. नोएफएस आहे ते यासाठी. फाइलसिस्टमच्या कॅशचा श्रिंकर पहिल्यांदा हेच तपासतो: मागणाऱ्याच्या फ्लॅगमध्ये एफएसची परवानगी नसेल तर काहीही न करता श्रिंक_स्टॉप ('इथे थांब') परत.

आता यातली खोच. फ्लॅग हा प्रत्येक कॉलला द्यायचा असतो. मी ट्रान्झॅक्शन उघडलं, माझ्या फंक्शनने दुसरं फंक्शन बोलावलं, त्याने तिसरं. ते तिसरं फंक्शन एखाद्या सामाईक लायब्ररीतलं आहे आणि जीएफपी_कर्नल वापरतं. त्याला माझ्या ट्रान्झॅक्शनची काय कल्पना? मग लोक भीतीपोटी दिसेल तिथे नोएफएस लिहीत सुटले. तसं केलं की रिक्लेमचे हात बांधले जातात, आणि खरी गरज कुठे होती हे दोन वर्षांनी कोणालाच सांगता येत नाही.

यावर २०१७ मध्ये ४.१२ आवृत्तीत मेमॅलॉक_नोएफएस_सेव्ह आणि रिस्टोअर ही जोडी आली. नोआयओची जोडी त्याआधीच, २०१३ च्या ३.९ पासून होती. जिथे धोका सुरू होतो तिथे सेव्ह, संपतो तिथे रिस्टोअर. मधल्या काळात त्या टास्कने कितीही खोल जाऊन मेमरी मागितली तरी फ्लॅग आपोआप गाळला जातो. मला ही रचना फार आवडते, कारण धोक्याची माहिती ज्याला आहे त्यानेच ती सांगायची आणि आतल्या फंक्शनांनी त्याचा भार वाहायचा नाही. सेव्हच्या शेजारी कोणत्या लॉकसाठी हे केलं, ती एक ओळ मात्र न चुकता लिहा.

मांडवीकाठ, तुमच्या बाबतीत मात्र नोएफएस किंवा नोआयओ लावून भागणार नाही. दोन्हींत रिक्लेम चालूच राहतो, आणि तुमच्या ड्रायव्हरचा श्रिंकर फ्लॅग बघत नसेल तर तो तसाच बोलावला जाईल. उपाय दोन्ही टोकांना हवा. श्रिंकरमध्ये म्युटेक्स_लॉकच्या जागी म्युटेक्स_ट्रायलॉक, नाही मिळाला तर श्रिंक_स्टॉप. एखादा श्रिंकर हात हलवत परत गेला म्हणून काही अडत नाही, बाकीचे आहेत. आणि आयऑक्टलमध्ये मेमरी म्युटेक्स घेण्याआधीच मागून ठेवायची. त्यात एक बारकावा: तुम्ही मेमरी घेऊन म्युटेक्सपर्यंत पोचेस्तोवर दुसऱ्या कोणी तीच नोंद करून ठेवलेली असू शकते. म्हणून लॉक मिळाल्यावर स्थिती पुन्हा तपासायची, आणि आपला बफर लागला नाही तर म्युटेक्स सोडल्यानंतर तो परत करायचा.

चोडणचा

मी या क्षेत्रातला नाही, बँकेत आहे, पण धागा नेटाने वाचला. रायबंदरच्या धक्क्यावर फेरी लागते तेव्हा चढणाऱ्यांनी उतारावरच गाड्या आणून उभ्या केल्या, तर आतल्या गाड्या उतरत नाहीत, आणि त्या उतरल्याशिवाय यांना जागा नाही. मेमरीची वाट पाहणाऱ्याने मेमरी सुटायचा रस्ता अडवायचा नाही, असंच ना?

आबोली

अगदी तसंच.

खाजन

कॅमेऱ्याचा ड्रायव्हर म्हटल्यावर आणखी एक जागा तपासाच. रिक्लेमशी तिचा संबंध नाही, पण मेमरी व्यवस्थापनातलाच डेडलॉक आहे, आणि बाहेरून आलेल्या ड्रायव्हरांत तो मला वारंवार भेटतो.

यूजरस्पेसमधला प्रोग्राम कॅमेऱ्याचा बफर एमएमॅप करतो, म्हणजे स्वतःच्या मेमरीत जोडून घेतो. कर्नल आधी त्या प्रोसेसचा एमएमॅप_लॉक लिहिण्यासाठी घेतं आणि मग ड्रायव्हरचं एमएमॅप फंक्शन बोलावतं. बहुतेक ड्रायव्हर तिथे स्वतःचा म्युटेक्स घेतात. क्रम झाला: एमएमॅप_लॉक, मग ड्रायव्हरचा म्युटेक्स.

आता आयऑक्टल बघा. ड्रायव्हर आधी स्वतःचा म्युटेक्स घेतो आणि तो धरलेला असतानाच कॉपी_टू_यूजर करतो, म्हणजे डेटा प्रोग्रामच्या मेमरीत उतरवतो. यूजरचं ते पान मेमरीत नसेल तर पेजफॉल्ट येतो, आणि फॉल्ट हाताळायला एमएमॅप_लॉक लागतो. क्रम उलटा झाला. एकाच प्रोसेसचे दोन थ्रेड, एक एमएमॅप करतोय, एक आयऑक्टल, आणि पान नेमकं बाहेर गेलेलं. वर्षातून एकदा लागेल, पण लागेल.

इथे हा क्रम आपल्या मर्जीचा नाही. एमएमॅप_लॉक बाहेर आणि ड्रायव्हरचा आत, हे कर्नलने ठरवून दिलेलं आहे. म्हणून बदल आयऑक्टलमध्येच करायचा: म्युटेक्सखाली डेटा स्टॅकवरच्या छोट्या रचनेत उतरवून घ्यायचा, म्युटेक्स सोडायचा, मग कॉपी_टू_यूजर.

एमएमॅप_लॉकचं जुनं नाव एमएमॅप_सेम होतं, २०२० च्या ५.८ मध्ये बदललं. जुने लेख वाचताना गोंधळू नका. २०२३ च्या ६.४ पासून प्रत्येक व्हीएमएला (प्रोसेसच्या मेमरीतल्या सलग पट्ट्याला) वेगळा लॉक आला आणि बरेचसे फॉल्ट आता एमएमॅप_लॉकला न शिवता सुटतात. 'मग हा प्रश्न मिटला' असं काहीजण म्हणतात. मिटलेला नाही. व्हीएमएचा लॉक जमला नाही की कर्नल जुन्याच रस्त्याने जातं, म्हणजे दुर्मिळ होतं ते आणखी दुर्मिळ झालं आणि शोधायला आणखी कठीण.

फर्मागुडीचा_मास्तर

खाजनबाब, याच क्रमाची एक फार सुंदर बाजू फाइल लिहिताना दिसते. समजा मी एका फाइलचं पान एमएमॅप केलं आणि राइट करताना त्याच पानातला डेटा त्याच पानावर लिहायला दिला. कर्नल फाइलचं पान लॉक करणार, यूजरच्या बफरमधून कॉपी करायला जाणार, तिथे फॉल्ट येणार, आणि तो फॉल्ट त्याच लॉक केलेल्या पानाची वाट बघणार. साध्या यूजरने चार ओळींत कर्नलला गाठ मारली!

म्हणून लिहिण्याच्या मूळ कोडमध्ये पान लॉक असताना कॉपी करतात ती फॉल्ट बंद ठेवून. कॉपी अपुरी राहिली तर पान सोडायचं, यूजरचं पान आधी आत ओढून घ्यायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. लॉक धरून फॉल्टची वाट बघायची नाही, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

डिचोलीचा_विद्यार्थी

सर, एक विचारू? मांडवीकाठदादांच्या बोर्डावर मेमरी संपली होती, तर ओओएम किलरने (मेमरी संपल्यावर एखादी प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) कोणालातरी मारून जागा का केली नाही?

फर्मागुडीचा_मास्तर

चांगला प्रश्न. रिक्लेम करून काही मिळालं नाही, असं ठरल्यावर ओओएम किलरची पाळी येते. इथे रिक्लेम संपलाच नाही, तो श्रिंकरमध्येच अडकला. त्यामुळे तिथपर्यंत गाडी पोचलीच नाही.

पण पोचली असती तरी खात्री नव्हती. लिनक्समध्ये छोट्या मागण्या, म्हणजे आठ सलग पानांपर्यंतच्या, चार केबीच्या पानांत ३२ केबी, जवळपास कधीच नापास होत नाहीत. कर्नल पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतं. आता अ ने एक लॉक धरून मेमरी मागितली, ओओएम किलरने ब ला मारायचं ठरवलं, आणि ब त्याच लॉकवर झोपलेला आहे, तोही सिग्नलला जागा होत नाही अशा झोपेत. ब मरणार कसा? मेल्याशिवाय त्याची मेमरी सुटणार कशी? हे खरोखर घडत होतं. त्यासाठी २०१६ मध्ये ४.६ आवृत्तीत ओओएम रीपर आला: मरणाऱ्या प्रोसेसची वाट न बघता तिची अनॉनिमस मेमरी वेगळा थ्रेड काढून घेतो. त्यालाही एमएमॅप_लॉक वाचण्यासाठी लागतो, पण तो ट्रायलॉक करतो, थोडे प्रयत्न करतो, आणि नाही जमलं तर ते सावज सोडून दुसऱ्याकडे जायची मोकळीक देतो. धरून थांबायचं नाही, तोच नियम.

मांडवीकाठ

मंडळी, देव बरें करूं. आठवडाभरात जे केलं ते लिहितो.

प्रयोगशाळेतल्या बोर्डावर प्रूव्ह_लॉकिंग, म्हणजे लॉकच्या क्रमावर नजर ठेवणारं लॉकडेप, चालू करून कर्नल बांधला. लॉकडेप २००६ सालापासून, २.६.१८ पासून कर्नलमध्ये आहे, तरी आमच्याकडच्या बोर्डांवर कोणी ते लावत नाही, कारण यंत्र मंदावतं. मंदावू दे. लॉकडेपला प्रत्यक्ष डेडलॉक घडावा लागत नाही. सकाळी अ नंतर ब घेतलेला बघितला आणि संध्याकाळी दुसऱ्याच टास्कने ब नंतर अ घेतला, तरी ते वर्तुळ जोडून दाखवतं.

आणि रिक्लेमलासुद्धा ते एक लॉक मानतं, याचा मला विशेष आनंद झाला. एफएस_रिक्लेम नावाचा नकली लॉक आहे. जीएफपी_कर्नलने मेमरी मागितली की तो 'घेतला' अशी नोंद होते, मेमरी लगेच मिळाली तरीही. म्हणजे म्युटेक्सखाली मेमरी मागितल्याची कडी पहिल्याच आयऑक्टलला नोंदली जाते. दुसरी कडी, रिक्लेममधून म्युटेक्सकडची, मात्र श्रिंकर एकदा प्रत्यक्ष चालल्याशिवाय तयार होत नाही, आणि टेबलावर तो चालत नाही. म्हणून ग्राफिक्सच्या ड्रायव्हरांत वापरलेली एक युक्ती उचलली: ड्रायव्हर सुरू होतानाच एफएस_रिक्लेम_अ‍ॅक्वायर, मग म्युटेक्स घ्यायचा, सोडायचा, मग एफएस_रिक्लेम_रिलीज. चार ओळी. यामुळे लॉकडेपला सुरुवातीलाच कळतं की हा म्युटेक्स रिक्लेमच्या आत घेतला जाणार आहे.

बूट झाल्यावर पहिल्याच आयऑक्टलला 'पॉसिबल सर्क्युलर लॉकिंग डिपेंडन्सी डिटेक्टेड' आणि खाली पूर्ण साखळी. जे पकडायला ऑगस्टची आणि भरलेल्या शीतगृहाची वाट बघावी लागत होती, ते रिकाम्या बोर्डावर बूट होताच दिसलं. आबोलीताईंनी सांगितलेले दोन्ही बदल केल्यावर ती साखळी गेली.

आणि खाजनबाब, तुमचीही निघाली. एमएमॅप आणि आयऑक्टलची, तंतोतंत.

खाजन

वाटलंच होतं. तिथे म्युटेक्सखाली फक्त कॉपी_टू_यूजर नव्हे, कॉपी_फ्रॉम_यूजरही शोधा. लोक पहिलं हलवतात आणि दुसरं तसंच ठेवतात.

डिचोलीचा_विद्यार्थी

म्हणजे लॉकडेप गप्प असेल तर कोड सुरक्षित समजायचा का?

आबोली

नाही. जे त्याच्या डोळ्यासमोरून गेलं तेवढंच त्याला माहीत असतं. चाचणीत न चाललेली वाट त्याला दिसत नाही. शिवाय काही वाटा लॉकच्या नसतातच. पानाचा लॉक हा पानाच्या फ्लॅगमधला एक बिट आहे, तो लॉकडेपच्या कक्षेत येत नाही. दुसऱ्या टास्कने काम पूर्ण केल्याचा इशारा देईपर्यंत थांबायचं, अशा वाटाही पुरत्या पकडता येत नाहीत. त्या पकडायला क्रॉसरिलीज म्हणून प्रयत्न २०१७ मध्ये झाला, पण खोट्या इशाऱ्यांमुळे लगेचच काढून टाकावा लागला.

वर्कक्यूचं उदाहरण घे. रिक्लेमच्या वाटेवरचं एखादं काम तू साध्या वर्कक्यूवर (नंतर करायच्या कामांच्या रांगेवर) टाकलंस. कर्नलला नवा वर्कर थ्रेड हवा, थ्रेडला मेमरी हवी, मेमरी रिक्लेमवर थांबलेली, रिक्लेम त्या कामावर. यात एकही म्युटेक्स नाही. म्हणून अशा क्यूला डब्ल्यूक्यू_मेम_रिक्लेम फ्लॅग द्यायचा असतो, मग तिच्यासाठी एक राखीव थ्रेड आधीच बनवून ठेवला जातो. तशा क्यूवरच्या कामाने साध्या क्यूच्या फ्लशची वाट बघितली तर कर्नल निदान इशारा देतं, तो इशारा कधी दुर्लक्षू नकोस.

स्टोरेजमध्ये मेमपूलचं, म्हणजे आधीच राखून ठेवलेल्या मेमरीच्या साठ्याचंही तेच. एका वेळी किमान एक बायो (डिस्कची एक वाचन-लेखन मागणी) मिळेलच याची हमी पूल देतो. पण पहिला खाली पाठवायच्या आत त्याच पूलमधून दुसरा मागितलास तर ती हमी संपली. बरेच थ्रेड एकदम तसं करतील तेव्हा प्रत्येकाच्या हातात एकेक, आणि सगळे दुसऱ्याची वाट बघत.

फर्मागुडीचा_मास्तर

मांडवीकाठ, तुमचा तो स्टॅक, ड्रायव्हरचं नाव काढून, वर्गात वापरला तर चालेल का? बँकर्सच्या गणिताआधी तो दाखवावा असं फार वाटतंय.

मांडवीकाठ

अवश्य वापरा सर. लॉकडेपचं आउटपुटही पाठवतो, दोन्ही साखळ्यांचं. कॉपी_फ्रॉम_यूजर खरोखरच एका जागी म्युटेक्सखाली सापडलं, फॉरमॅट बदलण्याच्या आयऑक्टलमध्ये. दुरुस्ती पुरवठादारांना पाठवली आहे, उत्तर यायचं आहे. तोवर शीतगृहाच्या बोर्डावर आमचा पॅच चढवला आहे, रॅम आहे तेवढीच.

डिचोलीचा_विद्यार्थी

ताई, मी क्यूईएमयूच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये (व्हीएममध्ये) प्रूव्ह_लॉकिंग लावून एक छोटं मॉड्यूल लिहिलं, दादांच्या ड्रायव्हरसारखंच, म्युटेक्स आणि श्रिंकर. इशारा आला. मग श्रिंकरमध्ये ट्रायलॉक केला, आयऑक्टल तसंच ठेवलं, तर इशारा गेला. मग मेमरी आधी मागून ठेवायची काय गरज?

आबोली

कारण ट्रायलॉकने डेडलॉक गेला, पण आयऑक्टल म्युटेक्स धरून रिक्लेममध्ये बसलेलं असेपर्यंत तुझा श्रिंकर दरवेळी रिकाम्या हाताने परत जाणार. म्हणजे मेमरीची निकड असताना नेमकी तुझी कॅश मोकळी होणार नाही, आणि तेवढ्यात त्या म्युटेक्सवर आलेला प्रत्येक थ्रेड पूर्ण रिक्लेमभर थांबणार. व्हीएममध्ये मेमरी १२८ एमबीवर आण, दुसरीकडे मोठी फाइल लिहायला लाव, आणि आयऑक्टलला लागणारा वेळ मोजून बघ. आकडे इथेच टाक.